गप्प बसवलेलं अंग

“ताप नाही, खोकला नाही, रक्तात बुरशीचा मागमूस नाही… मग हिला घरी का सोडायचं नाही, मॅडम?”

तरणा डॉक्टर कौस्तुभ विचारत होता. पोर हुशार, पण मान जरा ताठ. माझी लेक रत्नमाला कॉटवर पिशवी भरून बसली होती. कुणा अनोळखी माउलीनं आपल्या गेलेल्या लेकाचं हृदय दिलं, ते आता हिच्या छातीत धडधडत होतं.

धारपबाई, कौस्तुभच्या गुरू, छातीचा फोटो उजेडात धरून बघत होत्या. फुफ्फुसावर एक ठिपका होता, हरभऱ्याएवढा.

“हे काय रे?”

“जुना डाग असेल. बुरशी असती तर ताप आलाच असता.”

“नक्की?”

“नक्की.”

बाईंनी फोटो खाली ठेवला.

“हात पुढे कर. काही झालं तरी तोंडातून आवाज काढायचा नाही.”

त्यानं हात पुढे केला. बाईंनी त्याच्या दंडाला असा चिमटा काढला, की माझ्याच तोंडून ‘अगं आई!’ निघालं. पोराच्या डोळ्यांत पाणी आलं. ओठ मात्र मिटलेलेच.

“बोल आता. दुखलं?”

“दुखलं म्हणजे काय! चांगलंच दुखलं.”

“मग ओरडला का नाहीस?”

“तुम्हीच गप्प राहायला सांगितलंत ना…”

बाईंनी रत्नाच्या उशाशी ठेवलेली गोळ्यांची पट्टी उचलली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. परक्याचं हृदय अंगानं झिडकारू नये, म्हणून अंगाला दाबून गप्प बसवणाऱ्या त्या गोळ्या. जन्मभर घ्यायच्या.

तो पट्टीकडे बघत राहिला… मग रत्नाकडे… मग फोटोकडे.

“ताई,” त्याचा आवाज पार उतरला होता, “पिशवी खाली ठेवा. आज घरी नाही जायचं.”

दुसऱ्या दिवशी त्यानंच रत्नाच्या फुफ्फुसात नळी घातली. ठिपक्यापाशी पाणी सोडलं, परत ओढून घेतलं. रक्तात न सापडलेली बुरशी त्या पाण्यात सापडली.

आम्ही त्या दिवशी घरी गेलो असतो तर… जाऊ दे. ते मी अजून तोंडानं बोलत नाही.

औषध लागू पडलं. ठिपका विरत गेला. एक दिवस रत्ना म्हणाली, “आई, अजून अर्धी भाकरी दे गं.” मी ताटाकडे बघत बसले, भाकरी वाढायचं सुचेचना.

निघताना बाईंच्या पायांशी वाकले. “बाई, एका आईनं हृदय दिलं, आणि तुम्ही ते राखलंत.”

बाईंनी मला वरच्यावर धरलं. तेवढ्यात मागून कौस्तुभच वाकला त्यांच्या पायाशी. उठला तो दंड चोळत.

“मॅडम, तो चिमटा अजून दुखतो हो.”

बाई हसल्या.

“दुखू दे… दुखायचा थांबला, की ये माझ्याकडे.”