गोधडीचा जड काठ

ज्या काळी एका गावाहून दुसऱ्या गावाला चालतच जावं लागे, त्या काळी एका उजाड डोंगराच्या उतारावर एक गाव होतं, आणि त्या गावात एक गोधडीवाली राहत होती.

गावची जमीन हलकी आणि पाऊस लहरी. चार वर्षांतून एकदा तो दगा द्यायचाच. म्हणून जुन्या माणसांनी एक रीत घालून दिली होती. गोधडी शिवून झाली की तिच्या चारी कडांना कापडाची पोकळ नळी शिवायची. तिला काठ म्हणत. या काठात घरच्या सगळ्यात टपोऱ्या कणसांची दीड शेर ज्वारी भरायची, थोडी राख आणि कडुलिंबाचा पाला घालून, आणि तोंड शिवून टाकायचं. काठ जड असला की गोधडी पोरांच्या अंगावरून घसरत नाही, असं लोक म्हणत. ते खरंच होतं, पण रीत त्यासाठी नव्हती. घरातलं बियाणं कधी संपलंच, तर पेरणीच्या दिवशी हे काठ उसवायचे. खायला उसवायचे नाहीत, मग घरातलं पोर भुकेनं रडत असलं तरी.

दाणे जुने झाले की उगवत नाहीत, म्हणून दर तिसऱ्या वर्षी काठ रिकामे करून नव्या ज्वारीनं भरायचे. उसवणं आणि भरणं, दोन्ही कामं गोधडीवालीची. जे जुने दाणे निघत, ती तिची मजुरी. एकदा तिनं तोंड शिवलं की काठ उघडून बघायचा नाही. बघितला तर तो तिचा अपमान झाला, असं गाव मानत होतं.

या गोधडीवालीच्या आईनंही हेच काम केलं होतं. आईच्या गोधड्या ऊबदार असत, पण दिसायला मातकट. विटलेली लुगडी, फाटकी धोतरं, जे मिळेल ते जोडलेलं. मुलीच्या हातात मात्र रंगांची जादू होती. ती चिंध्यांच्या लांब पट्ट्या काढायची, लालशेजारी पिवळी, पिवळीशेजारी हिरवी अशा जोडायची, मग ते जोडकापड आडवं कापून एकेक तुकडा थोडा थोडा खाली सरकवायची. गोधडीभर रंगांच्या पायऱ्या उतरत जायच्या. बायका कामं टाकून बघायला यायच्या.

पण गावातल्या चिंध्यांना रंग तो कितीसा असणार? उन्हानं सगळे विटलेले. आणि एकदा कौतुकाची चटक लागली की माणसाचं थोडक्यात भागत नाही.

दसरा झाला की लांबच्या शहरातून एक पट्टीवाला गावात यायचा. तिथल्या शिंप्यांकडचं उरलेलं नवं कापड एका मापात कापून, पट्ट्यांच्या गुंडाळ्या करून आणायचा. शेंदरी, मोरपंखी, जांभळी, रक्तासारखी लाल. बदल्यात धान्य घ्यायचा, पण राख लागलेली जुनी ज्वारी नको म्हणायचा.

"नवी टपोरी असेल तर आण," तो तिला म्हणाला. "मग लाल देतो."

त्या वर्षी पाटलाच्या घरची गोधडी तिच्या हातात होती आणि शेवटच्या ओळीला लाल रंग कमी पडत होता. पाटलीणबाईंनी काठासाठी दिलेली दीड शेर ज्वारी कोपऱ्यात ठेवलेली होती. गोधडीवालीनं ती पट्टीवाल्याच्या पिशवीत ओतली. मग ओढ्यावर जाऊन ज्वारीएवढी गोल रेव चाळून आणली, धुतली, तिच्यात कोंडा मिसळला आणि काठ भरला. वजन तेवढंच झालं आणि हाताला लागायलाही तसंच. पुढच्या वर्षी आपल्या मजुरीतले दाणे घालून हे सारखं करू, असं तिनं मनाशी ठरवलं.

पुढच्या वर्षी हातात दुसऱ्या घरची गोधडी होती आणि तिला मोरपंखी पट्टी हवी होती.

गावात तिचं नाव झालं. गोधडी वाळत घातली की रस्त्यानं जाणारा थांबायचा. आणखीही एक कौतुक व्हायचं. आईच्या गोधड्यांचे काठ उंदीर कुरतडत, पुन्हा पुन्हा सांधावे लागत. हिच्या गोधडीला उंदीर कधी शिवला नाही. एक म्हातारी गमतीनं म्हणायची, एवढे रंग बघून उंदरांचीसुद्धा छाती होत नसेल. सगळ्या हसायच्या. गोधडीवालीही हसायची, जरा मागाहून.

अशी सहा वर्षं गेली. गावातल्या साऱ्या गोधड्या तिच्या हाताखालून निघाल्या, आणि गावात एकाही काठात दाणा उरला नाही. तिची मुलगी गावातच दिली होती. तिला मुलगा झाला तेव्हा नातवासाठी तिनं सगळ्यात सुंदर गोधडी शिवली. तिच्या काठातही रेवच होती. फक्त घरात फळीवर पडलेली आईची मातकट गोधडी तिनं कधी उसवली नाही. ती कोण बघणार होतं, की तिच्यासाठी रंग आणावा?

मग एका वर्षी पीक करपलं. पुढच्या वर्षीही करपलं. चैत्र उजाडेपर्यंत घराघरांत कणगीच्या तळाशी राखून ठेवलेलं बियाणं तेवढं उरलं. झाडपाला उकडून खाऊन तीन लहान पोरं दगावली, तेव्हा पाटलानं गाव पारावर बोलावलं.

बियाणं खावं तर पेरायचं काय, आणि न खावं तर पेरणीपर्यंत जगायचं कोणी, असा पेच होता. शेवटी गावातला सगळ्यात म्हातारा शेतकरी उठला. वाडवडलांनी काठ भरायला कशासाठी सांगितलं होतं, असं त्यानं विचारलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि आपल्याकडे तर घरटी तीन-तीन गोधड्या, म्हणजे तीन-तीन झाकल्या मुठी आहेत. कणगीतलं आता खाऊ, पेरणीला काठ उसवू. लोकांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी जीव आला.

पाटील सावध माणूस होता. त्यानं बायकांच्या घोळक्यात बसलेल्या गोधडीवालीकडे पाहिलं.

"काठ नीट भरल्यात न्हवं, बाई? तुझ्या सबदावर समदं हाय."

सारं गाव तिच्याकडे वळलं. तिची मुलगी समोरच बसली होती, मांडीवर मुलाला घेऊन. नाही म्हणायला एकच शब्द लागत होता. तो म्हटला असता तर लाज गेली असती, पण बियाणं राहिलं असतं.

"भरल्यात," ती म्हणाली.

त्याच दिवशी घराघरांतून जात्यांचा आवाज आला.

चार दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. चौथ्या दिवशी मनाचा हिय्या करून ती पाटलाच्या दारात गेली. अजून काही बिघडलं नव्हतं. कणग्यांत बियाणं निम्म्याहून जास्त शिल्लक होतं. पाटलीणबाई पोरांना पेज वाढत होत्या. हिला बघताच त्यांनी आणखी एक वाटी भरली आणि तिच्या हातात दिली. तुझ्यामुळे आज पोरांच्या पोटात दाणा गेला, असं म्हणाल्या. गोधडीवालीनं ती पेज प्यायली, वाटी विसळून पालथी घातली आणि घरी परतली.

पुढं एकदा तिनं मुलीला सांगून बघितलं, की थोडं राखून ठेव गं. मुलगी उखळात ज्वारी कांडत होती. ती म्हणाली, "राखून कशाला? काठ हायेत की. तूच तर भरल्यास." नातू पुन्हा अंगणात धावू लागला होता. ते बघून गोधडीवालीनं स्वतःची समजूत घातली, की बरंच झालं, निदान पोरं तरी वाचली. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला कारणं कमी पडत नाहीत.

कणग्या रिकाम्या झाल्या. मृग कोरडा गेला, आणि आर्द्रा नक्षत्रात डोंगरावर पाऊस आला, चांगला तीन दिवस. जमीन वाफशावर आली, पेरणीजोगी झाली.

रीतीप्रमाणे पहिला काठ गोधडीवालीनंच उसवायचा होता. पाटलाच्या अंगणात सारं गाव जमलं. रात्रीच औत जुंपायची तयारी झाली होती. पाटलीणबाईंनी सूप समोर ठेवलं आणि आठ वर्षांपूर्वीची ती लाल ओळीची गोधडी पसरली. गोधडीवालीच्या हातात कात्री दिली. टाका तोडायला तिला तीनदा कात्री लावावी लागली.

सुपात कोंडा पडला आणि त्यामागून रेव.

पाटलीणबाईंना वाटलं, वर वर असेल. त्यांनी अख्खा काठ पिळून काढला. मग कोणीतरी दुसरी गोधडी आणली, कोणी तिसरी. लोक स्वतःच घाईघाईनं टाके तोडू लागले. अंगणभर रेवेचे छोटे छोटे ढीग झाले. गोधडीवाली रडत सगळं सांगू लागली, पट्टीवाल्याचं, लाल पट्टीचं. पण बैल गेला अन् झोपा केला, त्यातलाच तो प्रकार. आता ऐकून कोणाचं काय होणार होतं?

तिला कोणी मारलं नाही. ओरडायची ताकदही कोणात नव्हती. ती थट्टेखोर म्हातारी तेवढी बोलली.

"म्हणून उंदीर लागत नव्हता," ती म्हणाली. "त्यास्नी कळलं, आपल्याला न्हाई कळलं."

ओली जमीन तशीच सोडून गाव निघालं. लांबच्या मुलुखात कुठं मजुरी मिळते का बघायला. वाटेवर घाटात पावसाळी गारठा होता, म्हणून गोधड्या न्याव्या लागणार होत्या, पण ते जड काठ ओढत न्यायचं बळ कोणाच्या अंगात होतं? जाता जाता एकेका घरानं आपल्या गोधडीचे काठ फाडले आणि तिच्या दारात टाकले. संध्याकाळपर्यंत उंबऱ्यापाशी रेव भरलेल्या रंगीत काठांचा ढीग झाला.

शेवटी तिची मुलगी आली. तिनंही नातवाच्या गोधडीचे काठ खाली ठेवले. नातू तिच्या खांद्यावर मान टाकून पडला होता. आईनं तिचे पाय धरले. चोरी केली, माझं चुकलं, म्हणाली.

"चोरीचं सोड, आई," मुलगी म्हणाली. "पारावर तुला इचारलं, तवा आमच्या कणगीत बियाणं व्हतं. निम्मं खाल्लं असतं, निम्मं पेरलं असतं. तवा का न्हाई बोललीस?"

मुलगी मुलाला सावरून घेत गावाच्या मागोमाग निघून गेली. तो मुलगा दुसरा घाट ओलांडायच्या आतच गेला, हे आईला कधी कळलं नाही. सांगायला परत कोणी आलंच नाही.

दुसऱ्या दिवशी गोधडीवालीला फळीवरची गोधडी आठवली. आईच्या हातचा काठ, आणि आईनं कधी लबाडी केली नव्हती. तिनं ती खाली ओढली, काठ उसवला आणि ओंजळ पुढं केली. आत खरीच ज्वारी होती. पण बारा वर्षांत ते दाणे बदलायला कोणाला सवड झाली नव्हती. किड्यांनी पोखरलेली टरफलं आणि राखाडी पीठ तिच्या ओंजळीत पडलं.

तिनं ते पीठ तसंच दारापुढच्या ओल्या मातीत पेरलं आणि रोज सकाळी उठून बघत राहिली. तिथं काही उगवलं नाही.

त्या उतारावर आज गाव नाही. पण आसपासच्या वाड्यांवर गोधडी शिवायला बसलेल्या बायका पोरींना ही गोष्ट सांगतात, आणि शेवटचा टाका घालताना तिचं तात्पर्यही सांगतात: चूक कोणाच्याही हातून होते, पण ती कबूल करायची एक वेळ असते. खरं हे बियाण्यासारखं आहे. वेळेत बाहेर काढलं तर उगवतं, दडवून ठेवलं तर त्याचं पीठ होतं.