ठकूचा कोस

मोरवंडहून घाट चढताना निम्म्या वाटेवर, करवंदीच्या जाळीपाशी एक धोंडा उभा आहे. गावचा कोस तिथे संपतो. बाकी मुलखाचा कोस लांब, मोरवंडचा आखूड. पाहुणे हसतात. गावातले हरबाजी आबा त्यांना म्हणतात, "टेका जरा. दमलेल्या माणसालाच ही गोष्ट नीट ऐकू येते."

कोस म्हणजे क्रोश, म्हणजे हाक, असे सांगतात. आक्रोश त्याच घरातला. एकाची हाक दुसऱ्याला ऐकू येईल तेवढी वाट म्हणजे कोस.

पूर्वी घाटावरच्या गडाची रसद मोरवंडनं एक कोस वाहायची. ती वेठ होती, हाती काही पडत नसे. कोसापुढं ती गडाचे बैल नेत. पण कोस मोजला होता कुणी? गडाचा हवालदार म्हणेल तो कोस, आणि त्याचा कोस सरकत सरकत पार घाटमाथ्याला टेकला होता. ठकूच्या नवऱ्याचे, सुभानाचे, दोन्ही खांदे फुटून वाहत. ठकू पाल्याचा लेप लावायला बसे आणि लावता लावता तिलाच पेंग येई. तिच्याही डोक्यावर ओझं असेच.

शेवटी गाव हवालदाराच्या दारात जाऊन बसलं. भांडायचं त्राण कुणातच नव्हतं.

हवालदार म्हणाला, "कोस म्हणजे हाक ना? माझा भालदार देवळाच्या चौथऱ्यावरून हाक देत राहील. तुमचं एक माणूस घाट चढेल. त्याला ऐकू येईनासं होईल तिथं धोंडा रोवा."

भालदाराचा गळा असा, की माथ्यावरची घार दचकावी. गावानं ठकूला पुढं केलं. ती खोटं बोलत नाही, हे हवालदारही जाणून होता. तरी तिला वाघजाईपुढं शपथ घ्यावी लागली, "खोटं बोलले तर आईनं माझे कान न्यावेत."

ती निघाली. संगे एक शिपाई. खालून हाक येई, "होऽऽ!" प्रत्येक वळणाला ठकूला वाटे, आता विरेल. पण दरी ती हाक झेलून वर पाठवी. करवंदीच्या जाळीपाशी तिचे पाय थांबले. सुभाना इथंच खांदा बदलायचा. पुढं नुसता उभा चढ. तेवढ्यात पुन्हा हाक आली, दारातून यावी इतकी स्वच्छ.

ठकू खाली बसली. म्हणाली, "नाही येत ऐकू."

"अगं, मला येतीय की!" शिपाई म्हणाला. तिनं वळून पाहिलं नाही. तो तिच्या कानाशी ओरडला. मग त्यानं ढालीवर तलवारीची मूठ आपटली. जाळीतली पाखरं उडाली, पण ठकूची पापणी हलली नाही. शब्द ओठांबाहेर पडला तेव्हाच आईनं कान नेले होते, म्हणे. शिपायानं खाली उतरून ठकूचं म्हणणं सांगितलं. हवालदारानं बोलल्याप्रमाणे तिथं धोंडा रोवायला सांगितला.

धोंड्याची जागा ठरल्याचं कळताच सुभाना तिच्या नावानं हाका मारत घाट चढला. ठकू पाठमोरी बसलेली. इतक्या हाका दिल्या तरी वळेना. त्याला वाटलं, रुसली की काय. जवळ जाऊन त्यानं खांद्यावर हात ठेवला, तेव्हा ती दचकली. त्याच्या हलणाऱ्या ओठांकडे नुसती बघत राहिली. मग शेजारची जागा थोपटून तिनं त्याला बसवून घेतलं. ऊन उतरेपर्यंत दोघं तशीच बसून होती, असे सांगतात.

आजही या चढावर मोरवंडचं माणूस कुणाला मागून हाक मारत नाही. पुढचा कितीही पुढं गेलेला असो, आपणच पाय उचलायचे, त्याला गाठायचं आणि खांद्यावर हात ठेवायचा.