आमटीचा डबा आणि चाकातली हवा

एकदा एक शिष्य गुरूंच्या दारात येऊन उभा राहिला, तेव्हा त्याच्या हातातल्या पिशवीतून आमटी ठिबकत होती.

शिष्य म्हणजे कोणी कोवळा मुलगा नव्हे. हेरंब चाळिशीचा, नोकरदार, शब्दाला पक्का, वेळेला पक्का, आणि हे दोन्ही गुण लोकांना स्वतःच सांगणारा. दर रविवारी तो वृद्ध शास्त्रीबुवांकडे तर्कशास्त्र शिकायला येई. आज मात्र शुक्रवार होता, सायंकाळ होती आणि त्याचा चेहरा उतरलेला होता.

"गुरुजी, अप्पा चाललेत," तो म्हणाला. "उद्या पहिल्या एस.टी.ने. सकाळीच पिशवी भरून दाराशी ठेवलीय. गावाकडं घरात माणूस नाही, चूल नाही. तिथं ते जेवायचेच नाहीत, मला ठाऊक आहे. माझं काय चुकलं, एवढं सांगा."

गोष्ट अशी होती. आई गेल्यापासून अप्पा, म्हणजे हेरंबचे वडील, त्याच्याकडे राहत होते. हेरंबची पत्नी बदलीमुळे दुसऱ्या तालुक्यात शिक्षिका, त्यामुळे घरात दोघेच. अप्पांचे अन्नावरचे मन उडाले होते. घशाखाली उतरे ती एकच वस्तू, यमुनाबाईंच्या खानावळीतली शेवग्याच्या शेंगांची आमटी. तिची चव आईच्या हातच्या आमटीच्या जवळ जाई. म्हणून कचेरी सुटली की हेरंब सायकलच्या हँडलला डबा अडकवून ती घेऊन येई. एक दिवस चुकला नाही बिचारा.

पण वाट जुन्या फरसबंदीची, दगड वर आलेले. घरी पोचेपर्यंत निम्मी आमटी पिशवीत. हेरंबने तीन डबे बदलले, झाकणाखाली केळीचे पान लावले, वरून रबर आवळले. आमटी निवू नये म्हणून सायकल जोरात हाणायची, आणि जोरात जाता यावे म्हणून रोज सकाळी चाकांत एवढी हवा भरायची की अंगठा रोवला तरी रबर दबू नये. चाक सैल म्हणजे माणूस ढिला, असे त्याचे ठाम मत होते. मग घरी येऊन तो अप्पांपुढे अर्धा डबा ठेवी, आणि त्याबरोबर आख्खा दिवस. साहेब असे बोलले, रस्ता तसला, झाकण भिकार, आणि शेवटी, "तुमच्या एका वाटीसाठी काय काय करावं लागतं मला!" अप्पा खाली मान घालून जेवत.

शास्त्रीबुवांनी सारे ऐकून घेतले. मग उपदेश करायचे सोडून ते गुडघ्यावर हात ठेवत उठले, अंगणात गेले आणि सायकलपाशी उकिडवे बसले. त्यांनी पुढच्या चाकाचा व्हॉल्व्ह सैल केला. फस्स! मग मागच्याचा. फस्स!

"गुरुजी, अहो काय करताय!" हेरंब ओरडलाच. सहा वर्षांत तो गुरूंवर प्रथमच ओरडला.

बुवांनी अंगठ्याने चाक दाबून पाहिले, थोडे दबले तसे व्हॉल्व्ह पुन्हा आवळले. "डबा रिकामा कर. खानावळीत जाऊन भरून आण. त्याच वाटेने ये."

हेरंब मनातल्या मनात धुसफुसत गेला. सायकल जड चालत होती, पाय भरून आले, वेळही जास्त लागला. मात्र परत येऊन त्याने पिशवीत हात घातला, तर पिशवी कोरडी होती. झाकण उघडले, तर आमटी काठोकाठ.

शास्त्रीबुवा म्हणाले, "दगड तेच, डबाही तोच. रस्त्याचे धक्के कोणीतरी सोसावेच लागतात, हेरंब. चाकाने सोसले नाहीत, तर ते डब्याला बसतात. तू दिवसभर ताठ असतोस. साहेबाचा धक्का घेतोस, रस्त्याचा घेतोस, पण स्वतःत काहीच जिरू देत नाहीस. मग ते सगळे धक्के कोणाला बसतात? अप्पांना आमटी कमी पडली म्हणून ते निघालेले नाहीत."

हेरंबने डब्याचे झाकण लावले, पिशवी हँडलला अडकवली आणि तो निघाला.

तो घरी पोचला तेव्हा रोजच्यापेक्षा तासभर उशीर झाला होता. दाराशी अप्पांची पिशवी तशीच होती.

"आज बराच उशीर केलास," अप्पा म्हणाले.

रोजची उत्तरे जिभेवर आली. ती त्याने गिळली. "हो अप्पा, झाला खरा. भूक लागली असेल तुम्हाला."

अप्पांनी चमकून वर पाहिले. घास घेऊन ते पुटपुटले, "मीठ कमी वाटतं." हेरंब उठला आणि मीठ घेऊन आला. बस्स, इतकेच. अप्पांनी आणखी एक वाटी घेतली, डब्यात वाकून पाहिले आणि म्हणाले, "एवढी मला एकट्याला कुठली संपायला? तुझंही ताट घे की."

कित्येक महिन्यांत बापलेक पहिल्यांदा एका वेळी जेवायला बसले. गावाचा विषय दोघांनीही काढला नाही.

सकाळी हेरंब सवयीने पंप घेऊन सायकलपाशी गेला. पहिली एस.टी. सुटायची वेळ टळून गेली होती. अप्पांची पिशवी दाराशीच होती, पण तिच्यातली शाल बाहेर निघून अप्पांच्या खांद्यावर आली होती आणि ते ओट्यावर उन्हाला बसले होते.

"शेंगांची आमटी आज असते का रे यमुनाबाईंकडं?" त्यांनी विचारले.

"असते," हेरंब म्हणाला. त्याने चाक अंगठ्याने दाबून पाहिले. थोडे दबले. पंप त्याने परत खुंटीला लावून ठेवला.