ओला कौल

वेळेखोलच्या देवळात गेलात ना, तर आधी देवाचे खांदे बघा. काळा दगड, आणि दोन्ही खांद्यांवर जास्वंदीच्या ओल्या पाकळ्यांचे हे एवढे जाड थर! मला तर देव कुठल्यातरी फौजेतला वाटला. मी फोटोसाठी पुढे झाले, तर भिकाजीकाका गुरव म्हणाले, काढ खुशाल, पण धक्का लावू नकोस. कौल चालू आहे.

कोकणात देवाला विचारायची रीत अशी, की प्रश्न सांगायचा, दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि बसून राहायचं. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. फार तर दुपारपर्यंत उत्तर मिळतंच. पण इथला कौल लावलाय काकांच्या खापरपणजोबांनी!

झालं असं म्हणे, की इथल्या येसूचा नवरा धाकू गलबतावर मलबारला गेला आणि परतलाच नाही. सोबतची गलबतं आली, त्याचं नाही. तो येईल का, एवढंच येसूनं देवाला विचारलं. तेव्हाच्या गुरवबाबांनी, म्हणजे काकांच्या त्या खापरपणजोबांनी, पाकळ्या लावल्या. उन्हं कलली, पाकळ्या सुकत आल्या, आणि डावी कडेनं सुटायला लागली. येसू उठली, तिनं तांब्यातलं पाणी ओंजळीत घेतलं आणि दोन्ही खांद्यांवर शिंपडलं. पाकळी परत चिकटली.

दुसऱ्या दिवशीही तेच. मग रोजच. पाकळी कोमेजली की तिच्यावर नवी.

आता पंचाईत अशी, की एक कौल संपल्याशिवाय दुसरा लावता येत नाही. गावाची लग्नं अडली, जत्रा अडली. लोक चिडणारच ना.

इथं माझ्यासोबत आलेली आमची मुग्धा मध्येच म्हणाली, मग बाईनं फक्त डावीच भिजवायची की! उजवी पडली असती, विषय संपला असता.

काका हसले. "अगो चेडवा, सगळ्या गावान तेव्हा तिका ह्याच सांगल्यान."

त्यावर येसू म्हणाली होती, "देव म्हणात व्हय. म्हणान तो थोडोच येतलो?"

त्या साली गावानं पहिल्यांदा, घाबरत घाबरत, देवाला न विचारता जत्रेचा दिवस ठरवला, असं सांगतात. जत्रा झाली. लग्नं झाली, पोरं झाली, काही दगावलीही. व्हायचं ते होतच राहिलं. येसूचे दात गेले, केस गेले, पण सकाळी एकदा समुद्राकडे बघून ती तांब्या घेऊन यायचीच.

ती गेली त्या दिवशी पाकळ्या कोरड्या पडल्या. अख्खं गाव देवळात जमलं. आता देव बोलणार, आपला देव आपल्याला परत मिळणार! डावी पाकळी हलली. तेवढ्यात गुरवबाबा, पार वाकलेले, भिंत धरून उठले आणि त्यांनीच पाणी घातलं.

"येसू गेली," ते म्हणाले. "प्रश्न खंय गेलो?"

कोणी अडवलं नाही.

आजही वेळेखोलमध्ये दुसरा कौल लागत नाही. कोणाला अगदीच राहवलं नाही तर शेजारच्या गावच्या देवाकडे जातात, गुपचूप. आणि ज्यांचं कोणी दुबईला, बोटीवर किंवा नुसतंच रागावून निघून गेलेलं असतं, ते इथं येऊन पाणी घालतात.

आम्ही निघालो तर मुग्धा मागेच. वळून बघितलं, तांब्या तिच्या हातात होता. दोन्ही खांद्यांवर घातलं तिनं. आधी डाव्या.