ओसरीसमोरचा हापसा

संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब कॉलेजातलं समाजशास्त्र बंद करायला निघाले, तेव्हा तो विषय शिकवणाऱ्या वेणूबाई टिपरे धास्तावून त्यांच्या ओसरीवर आल्या.

“शास्त्र म्हणवता, मग तुमची प्रयोगशाळा कुठाय?” तात्यासाहेबांनी समोर बोट दाखवलं. “हा हापसा मी गावाला दिला. पाणी तपासलं, यंत्र तपासलं. तरी बायका नदीवरच जातात. का, ते सांगा!”

वेणूबाईंनी ओसरीभर बसलेल्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं. “माणसं तपासायची राहिली. तेच माझं शास्त्र. सासऱ्यांदेखत कुठली सून पदर खोचून हापसेल? ही बैठक परसात हलवा.”

दुसऱ्या दिवशी हापशावर हंड्यांची रांग लागली, विषय वाचला आणि वेणूबाईंचा जीव भांड्यात पडला.

“आता ओसरीवर येऊन बसू का?” तात्यासाहेबांनी परसातून विचारलं.

“ती आता प्रयोगशाळा झाली,” बाई म्हणाल्या. “हंडा आणलात तरच प्रवेश.”