आत कोण हाय?

“...म्हणजे आत्माच ना, बाबा?”

भिवगीरबाबा चालतच राहिले.

कस्तुरी मागून धापा टाकत होती. दोन वर्षांपूर्वी मठाच्या ओट्यावर बाबा एकच ओळ गुणगुणत बसले होते, ‘आत कोण हाय?’ तिनं ती फोनवर टिपली, गिटारवर बसवली, गाण्याला नावही तेच दिलं. गाणं असं काही चाललं, की पोरांनी ती ओळ दंडावर गोंदवून घेतली. उद्या पुण्यात बक्षीस होतं. नावाचा अर्थ स्टेजवर सांगायचा होता.

“देह म्हणजे घर, आत बसलेला तो आत्मा. तुम्ही नुसतं हो म्हणा, बाबा.”

“लई शिकलीस.”

टोमणा तिला कळला. तरी मान ताठच.

धरण आटलं होतं. भेगाळलेल्या गाळातून बुडालेल्या गावाचे चौथरे वर आले होते. पायाखाली खापर कटकन मोडलं नि ती केवढी तरी दचकली.

एका चौथऱ्यापाशी बाबांनी वहाणा काढल्या.

“तू बी काढ. लोकांच्या घरात पायताण घालून शिरतीस व्हय?”

भिंती नव्हत्या. उंबऱ्याचा दगड तेवढा होता.

तिनं मुकाट्यानं सँडल काढले.

“धरण झालं तवा मी हितला कोतवाल. पानी चढायच्या आदल्या दिशी दारोदार हाक मारायची, कुणी मागं राह्यलंय का बघायचं. साठ घरं. समद्या दारी मारली.”

“हीच हाक?”

“हीच.”

“आणि... या दारी?”

“मारली की. एकदा. कुणी बोललं न्हाई. दिस कलला हुता... गेलो पुढं.”

“म्हन तुझं गानं.”

“इथं? नको, बाबा.”

“हजारांपुढं म्हनतीस. म्हन.”

तिनं पहिलीच ओळ म्हटली, ‘आत कोण हाय?’ आवाज फाटला, गाळावरून लांब गेला, विरला.

ती झटकन वळली. सँडलमध्ये पाय सरकवू लागली.

बाबांनी तिचं मनगट धरलं. त्यांची नजर उंबऱ्यावरून हलली नव्हती.

“थांब की, पोरी. हितल्या म्हातारीला दारापतूर यायला येळ लागतो.”