नुसता सल्ला

कनकगडच्या राजा रणधीरानं नदीवर बांध घातला आणि खालच्या अंगाला असलेल्या चिमुकल्या पारसोली राज्याच्या विहिरी आटल्या. आसपासच्या सगळ्या राज्यांनी मिळून एक न्यायसभा नेमलेली होती. पारसोलीकरांनी तिचं मत मागितलं. नदी अडवणं अन्यायाचं आहे, बांधाची दारं उघडावीत, असं सभेनं कळवलं.

ते मत घेऊन पारसोलीची वकील येसाक्का कनकगडच्या दरबारात आली.

राजा हसला. "बाई, न्यायसभेचं मत म्हणजे नुसता सल्ला. तो पाळायचं बंधन कुणावरच नसतं."

दरबारीही हसले. येसाक्का जागची हलली नाही. पाणी घेतल्याशिवाय परतायचं नाही, असं ठरवूनच ती निघाली होती.

"खरं आहे, महाराज," ती शांतपणे म्हणाली. "थोरले महाराज वारले, तेव्हा गादीवर आपल्या चुलत्यांनीही हक्क सांगितला होता. हक्क आपला आहे, असं मत याच न्यायसभेनं दिलं आणि चुलते फौज घेऊन माघारी गेले. माझ्या परतीच्या वाटेवर त्यांचं गाव लागतं. तो सल्ला पाळायचं बंधन नव्हतं, हे आपलं म्हणणं त्यांच्या कानावर घालू का?"

आता कुणी हसलं नाही.

"बांधाची दारं उघडा," राजा प्रधानाला म्हणाला. मग येसाक्काकडे वळला. "आणि बाई, तुम्ही नदीकाठच्या वाटेनं परत जा."

"हा हुकूम समजू की सल्ला?"

"सल्लाच आहे," राजा म्हणाला, "पण तेवढा पाळा."